न्यू जर्सी सुप्रीम कोर्टाचं निकालपत्र कसं वाचायचं

इथल्या मराठी ग्रुपवर एखाद्या निकालाची बातमी आली की चर्चा लगेच तापते. "कोर्टाने पोलिसांना बरोबर ठरवलं." "सुप्रीम कोर्ट बायकोच्या बाजूने." "अपील फेटाळलं, म्हणजे तो खोटंच बोलत होता." मूळ निकालपत्र मात्र क्वचितच कोणी उघडतं. ते उघडावं, असं माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. न्यू जर्सीच्या कोर्टांच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं, आणि या राज्यात राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यातल्या कितीतरी गोष्टी त्या निकालपत्रांनीच ठरवल्या आहेत. गरीब गावांतल्या शाळांना पैसा किती द्यायचा, हा प्रश्न 'ॲबट वि. बर्क' या नावाने १९८५पासून पुन्हा पुन्हा या कोर्टापुढे आला. प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांना जागा दिलीच पाहिजे, हे 'माउंट लॉरेल'च्या १९७५ आणि १९८३च्या निकालांनी सांगितलं. आपल्या टाउनशिपच्या सभेत नव्या अपार्टमेंटवरून जी भांडणं होतात, त्यांचं मूळ तिथे आहे.

मी पुण्यात काही वर्षं दिवाणी कोर्टात वकिली केली. इथे आल्यावर फक्त अपिलांचं काम करणाऱ्या एका ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, म्हणून लागले. इथे मी वकील नाही, तेव्हा पुढचं सगळं वाचण्यासाठी आहे, कायदेशीर सल्ला म्हणून नाही. पण अपिलांचे कागद दिवसभर माझ्या हाताखालून जातात आणि लोक निकाल नेमका कुठे चुकीचा वाचतात ते मला रोज दिसतं. बहुतेकांची चूक एकच असते. कोर्टाने कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलं हे न बघता ते थेट शेवटावर जातात. अपिलाचं कोर्ट 'खरं कोण बोलतंय' हे सहसा ठरवत नाही. खालच्या कोर्टाच्या निर्णयाकडे किती कडक नजरेने बघायचं हे ते आधी ठरवतं आणि मग तेवढंच बघतं. ती नजर निकालपत्रात एका-दोन परिच्छेदांत सांगितलेली असते. तो परिच्छेद सापडला की निम्मं काम झालं.

आधी कोर्ट कोणतं ते बघा

हे सांगायची गरज आहे, कारण आपल्यापैकी अनेकजण हडसन ओलांडून कामाला जातात. न्यूयॉर्कमध्ये 'सुप्रीम कोर्ट' म्हणजे खटला चालवणारं, साक्षी घेणारं कोर्ट. तिथलं सर्वोच्च कोर्ट आहे 'कोर्ट ऑफ अपील्स'. त्यामुळे "न्यूयॉर्क सुप्रीम कोर्टाचा निकाल" अशी बातमी आली की ती बहुधा पहिल्याच पायरीवरची असते. मेरिलँडमध्येही सर्वोच्च कोर्टाला 'कोर्ट ऑफ अपील्स' म्हणत, ते डिसेंबर २०२२मध्ये बदलून 'सुप्रीम कोर्ट ऑफ मेरिलँड' झालं. टेक्सास आणि ओक्लाहोमात तर दोन सर्वोच्च कोर्टं आहेत, दिवाणीचं वेगळं आणि फौजदारीचं वेगळं.

न्यू जर्सीत रचना सरळ आहे. खटला सुपीरियर कोर्टात चालतो, अपील त्याच कोर्टाच्या अपिलेट डिव्हिजनमध्ये जातं, आणि त्यावर ट्रेंटनचं सुप्रीम कोर्ट. १९४७च्या राज्यघटनेने ही घडी बसवली. सुप्रीम कोर्टात सात न्यायमूर्ती असतात. पहिली नेमणूक सात वर्षांची, पुन्हा नेमलं तर वयाच्या सत्तरीपर्यंत. स्टुअर्ट रॅबनर २००७पासून सरन्यायाधीश आहेत.

भारतातून आलेल्या माणसाने एक गोष्ट मनाशी पक्की करावी. आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टापासून दिल्लीपर्यंत एकच शिडी असते. इथे न्यू जर्सीच्या कायद्याचा आणि न्यू जर्सीच्या राज्यघटनेचा अर्थ काय, यावर शेवटचा शब्द ट्रेंटनचा. वॉशिंग्टनचं, म्हणजे अख्ख्या अमेरिकेचं, सुप्रीम कोर्टही तो बदलू शकत नाही. त्याचं एक सुरेख उदाहरण पुढे देते.

पहिल्या पानावरचा सारांश हा निकाल नव्हे

पीडीएफ उघडली की सुरुवातीला 'सिलॅबस' नावाचा दोन-तीन पानी सारांश येतो. त्याच्या वरच लिहिलेलं असतं की हा कोर्टाच्या निकालाचा भाग नाही, क्लार्कच्या कार्यालयाने वाचकांच्या सोयीसाठी केला आहे. तो जरूर वाचा, मीही वाचते. पण त्यातलं वाक्य "कोर्ट म्हणालं" म्हणून कुणाला पाठवू नका. खरा निकाल त्याच्या पुढे, न्यायमूर्तींच्या नावापासून सुरू होतो.

खटल्याच्या नावापुढे आकडे दिसतात, उदाहरणार्थ १२० एन. जे. १८२ (१९९०). म्हणजे न्यू जर्सी रिपोर्ट्सचा १२०वा खंड, पान १८२, वर्ष १९९०. एवढं कळलं की कुठलाही जुना निकाल शोधता येतो. 'एन. जे.' नंतर 'सुपर.' असेल तर तो सुप्रीम कोर्टाचा नाही, खालचा आहे. बहुतेक वेळा अपिलेट डिव्हिजनचा.

आणि अपिलेट डिव्हिजनच्या निकालांबाबत एक फार महत्त्वाची खूण. पहिल्या पानाच्या वर "अपिलेट डिव्हिजनच्या मंजुरीशिवाय प्रसिद्धीसाठी नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ मोठ्या अक्षरांत असेल, तर तो निकाल त्या दोन पक्षकारांपुरता. नियम १:३६-३ सांगतो की असा निकाल पुढच्या कोणत्याही कोर्टावर बंधनकारक नाही. गूगलवर "न्यू जर्सी, भाडेकरू, डिपॉझिट" असं टाकलं की जे येतं त्यात अशा निकालांचा भरणा असतो. आपल्यासारखीच हकिकत दिसली की माणसाला धीर येतो, आणि तो तेच पान छापून कोर्टात घेऊन जातो. वरची ओळ आधी बघा.

आता तो परिच्छेद शोधा

निकालपत्रात आधी हकिकत येते, मग खालच्या कोर्टांत काय झालं ते, मग दोन्ही बाजूंचे मुद्दे. त्यानंतर, बहुधा चर्चेच्या सुरुवातीलाच, 'स्टँडर्ड ऑफ रिव्ह्यू'चा, म्हणजे कोणत्या नजरेने तपासायचं याचा, परिच्छेद असतो. शोधायला 'डी नोव्हो' (नव्याने), 'डेफरन्स' (खालच्या कोर्टाला मान देणं), 'डिस्क्रिशन' (विवेकाधिकार) हे इंग्रजी शब्द पीडीएफमध्ये टाकून बघा. यातला एक तरी सापडतोच.

पुण्यातून आले तेव्हा मला इथली सगळ्यात वेगळी वाटलेली गोष्ट हीच. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ९६खालच्या पहिल्या अपिलात कोर्ट वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही नव्याने तपासू शकतं. पुराव्याचं फेरमूल्यमापन हा तिथे आपला हक्कच समजला जातो. दुसऱ्या अपिलात, कलम १००मध्ये, १९७६च्या दुरुस्तीनंतर कायद्याचा भरीव प्रश्न लागतो. इथे मात्र पहिल्याच अपिलात बरंचसं दुसऱ्या अपिलासारखं वातावरण असतं. "वर गेलं की सगळं पुन्हा ऐकतील" या भरवशावर खालच्या कोर्टात हातचं राखून ठेवणाऱ्या आपल्या माणसांचं इथे फार नुकसान होतं.

नजरा मुख्यतः तीन.

कायद्याचा अर्थ लावायचा असेल तर वरचं कोर्ट कोऱ्या पाटीने बसतं. त्याला 'डी नोव्हो' म्हणतात. १९९५च्या मनालापन रिअल्टीच्या निकालात, एका शॉपिंग सेंटरच्या झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येईल या नियमांच्या, वादात, कोर्टाने सांगितलं की कायद्याचा अर्थ आणि सिद्ध झालेल्या गोष्टींतून निघणारे कायदेशीर परिणाम याबाबत खालच्या न्यायाधीशाच्या मताला खास मान देण्याचं कारण नाही. आजही जवळपास प्रत्येक दिवाणी निकालात हा खटला उद्धृत झालेला दिसेल. 'मनालापन' शब्द दिसला की समजा, इथे अपील करणाऱ्याला खरी संधी आहे.

वस्तुस्थिती ठरवायची असेल तर उलट. साक्षीदाराला समोर बसलेलं ज्याने पाहिलं, त्याचं म्हणणं ऐकायचं. यातला पायाभूत खटला म्हणजे १९७४चा रोव्हा फार्म्स, ६५ एन. जे. ४७४. जॅक्सन टाउनशिपमधल्या एका रिसॉर्टच्या तळ्यात सूर मारताना एक पाहुणा कायमचा पांगळा झाला. रिसॉर्टचा विमा ५०,००० डॉलरचा, ज्युरीने भरपाई दिली २,२५,००० डॉलर. विमा कंपनीने वेळीच तडजोड करायला हवी होती, तिने ती नीट केली नाही, असं रिसॉर्टचं म्हणणं. खालच्या न्यायाधीशाने सगळा पुरावा ऐकून कंपनीने प्रामाणिकपणे वागणूक दिली नाही असा निष्कर्ष काढला. सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला आणि ती कसोटी लिहिली जी पन्नास वर्षांनंतरही वापरात आहे. खालचे निष्कर्ष विश्वासार्ह पुराव्याशी इतके उघड विसंगत असतील की न्यायाच्या भावनेलाच धक्का बसावा, तरच हात घालायचा. नाही तर नाही.

याचा व्यावहारिक अर्थ नीट लक्षात घ्या. अशा निकालात "आम्ही निर्णय कायम करतो" याचा अर्थ "आम्हालाही हेच वाटतं" असा नाही. अर्थ एवढाच की त्या पुराव्यावर एका समजूतदार न्यायाधीशाला तिथे पोचता येत होतं. सातही न्यायमूर्तींनी स्वतः खटला ऐकला असता तर कदाचित उलट निकाल दिला असता, आणि तरीही त्यांनी कायम केला असता. कौटुंबिक कोर्टाच्या बाबतीत ही नजर आणखी मऊ होते. १९९८च्या सेझारे वि. सेझारे या घरगुती हिंसाचाराच्या खटल्यात कोर्टाने म्हटलं की कुटुंबाच्या प्रश्नांत तिथल्या न्यायाधीशांचं खास ज्ञान असतं, म्हणून त्यांच्या निष्कर्षांना जास्तच मान द्यायचा. मुलांचा ताबा, पोटगी, संरक्षणाचा आदेश यांच्या अपिलाविषयी कुणी विचारलं की मी हे आधी सांगते, कारण लोकांच्या अपेक्षा इथे सगळ्यात जास्त मोडतात.

आता एक अवघड प्रश्न. पुरावा म्हणजे फक्त व्हिडिओ असेल तर? तो तर ट्रेंटनच्या न्यायमूर्तींनाही तितकाच स्पष्ट दिसतो, मग खालच्याला मान कशाला? २०१७च्या स्टेट वि. एस. एस. मध्ये नेमकं हेच आलं. पोलिस चौकशीच्या चित्रफितीत आरोपी म्हणाला होता की मला एवढंच सांगायचंय, बस. यावर त्याने गप्प राहण्याचा हक्क मागितला होता की नव्हता? खालच्या न्यायाधीशाने फक्त चित्रफीत पाहून ठरवलं की मागितला होता. सुप्रीम कोर्टाने आपलाच काही वर्षांपूर्वीचा वेगळा कल बाजूला सारला आणि सांगितलं की पुरावा निव्वळ व्हिडिओ असला तरी वस्तुस्थितीचा निष्कर्ष खालच्या कोर्टाचाच. कारण दिलं ते मला फार पटतं: वस्तुस्थिती शोधणं हे त्या न्यायाधीशांचं रोजचं काम आहे, आणि तितकाच पटण्याजोगा दुसरा निष्कर्ष वरून लादायला लागलो तर खालच्या कोर्टावरचा पक्षकारांचा विश्वास उडेल आणि अपिलांना अंत राहणार नाही. त्याच निकालात कायद्याचा भाग मात्र डी नोव्हो तपासला आहे. एकाच निकालपत्रात दोन नजरा कशा शेजारी-शेजारी चालतात ते शिकायचं असेल तर एस. एस. वाचा.

तिसरी नजर विवेकाधिकाराची. तारीख द्यायची की नाही, एखादा पुरावा घ्यायचा की वगळायचा, शिक्षा मर्यादेत किती, अशा गोष्टी न्यायाधीशावर सोपवलेल्या असतात. त्यात ढवळाढवळ कधी करायची? २००२च्या फ्लॅगच्या निकालात उत्तर आहे: निर्णयाला तर्कसंगत कारणच नसेल, प्रस्थापित धोरण अकारण सोडलं असेल, किंवा निर्णय ज्या आधारावर घ्यायचाच नव्हता त्यावर घेतला असेल. सरकारी खात्याच्या निर्णयाविरुद्धचं अपील, म्हणजे बेरोजगार भत्ता नाकारला वगैरे, साधारण याच अंगाने जातं. निर्णय मनमानी होता का, एवढंच बघतात.

वकिलांची अर्धी लढाई कोणता मुद्दा कोणत्या नजरेखाली आणायचा यावरच होते. हरलेली बाजू म्हणते, हा कायद्याचा प्रश्न आहे. जिंकलेली म्हणते, छे, ही तर वस्तुस्थिती. निकालपत्रात कोर्टाने त्या वादाचा निवाडा कुठे केला ते वाक्य पेन्सिलने अधोरेखित करून ठेवा. पुढचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागलेला असतो.

खाली हरकत घेतली होती का?

निकालपत्रात 'प्लेन एरर' हा शब्द दिसला तर थांबा. अर्थ असा की जी चूक आज दाखवताय, तिच्यावर खटला चालू असताना कोणी उभं राहून हरकत घेतली नव्हती. नियम २:१०-२ म्हणतो की अशी चूक अन्यायकारक निकाल घडवून आणण्याची स्पष्ट क्षमता असलेली असेल तरच बघायची. ज्युरीपुढचा खटला असेल तर १९७१च्या मेकनच्या निकालातली कसोटी लागते: या चुकीमुळे ज्युरी एरवी गेली नसती अशा निष्कर्षावर गेली का, याबद्दल वाजवी शंका निर्माण होते का. केवळ शक्यता पुरत नाही. म्हणून "कोर्टाने मान्य केलं की चूक झाली, तरी शिक्षा कायम" असं वाचून चिडू नका. चूक होती, ती मान्य झाली, पण ठरलेल्या मापात बसली नाही.

दिवाणीत १९७३च्या नीडरच्या निकालाचं नाव येईल. खाली मांडण्याची संधी असूनही न मांडलेला मुद्दा वर सहसा ऐकत नाहीत. अपवाद दोन, खालच्या कोर्टाला तो खटला चालवण्याचा अधिकारच होता का असा प्रश्न, किंवा मोठ्या सार्वजनिक महत्त्वाचा विषय.

इथे आमच्या टेबलावरची एक गोष्ट दाखवते. आमच्या ब्रीफमध्ये, म्हणजे कोर्टाला देतो त्या लेखी युक्तिवादात, प्रत्येक विधानापुढे एक खूण असते, उदाहरणार्थ "२टी४५-७". म्हणजे साक्षीच्या नोंदीचा दुसरा खंड, पान ४५, ओळ ७. पुराव्याच्या कागदाला "डीए१२" किंवा "पीए१२", म्हणजे प्रतिवादीच्या किंवा वादीच्या परिशिष्टाचं बारावं पान. ब्रीफमधल्या ज्या वाक्यापुढे अशी खूण लावता येत नाही, ते वाक्य अपिलासाठी अस्तित्वातच नाही. न्यायाधीशांच्या खोलीत काय बोलणं झालं, कॉरिडॉरमध्ये समोरचा वकील काय म्हणाला, आईला किती त्रास झाला, हे सगळं खरं असू शकतं. नोंदीत नाही, तर वर नाही.

आपल्या लोकांसाठी यात दोन गोष्टी जिवाभावाने सांगते. साक्ष देताना मान हलवू नका. आपण होकारालाही मान अशी डोलवतो की समोरच्याला नकार वाटावा, आणि नोंदीत तर ती उतरतच नाही. "हो" किंवा "नाही" तोंडाने म्हणा. दुसरं, आई-वडिलांसाठी किंवा स्वतःसाठी मराठी दुभाषी मागता येतो, कोर्ट तो स्वतःच्या खर्चाने देतं. पण नोंदीत दुभाष्याचं इंग्रजी उतरतं, तुमचं मराठी नाही. "त्याने मला ढकललं" याचं इंग्रजी "त्याचा मला धक्का लागला" असं झालं, तर वरच्या कोर्टासमोर धक्काच लागलेला असतो. भाषांतर चुकल्यासारखं वाटलं तर त्याच क्षणी वकिलाला खूण करा, म्हणजे दुरुस्तीही नोंदीवर येते.

नवा पुरावा लागला तर

अपिलाचं कोर्ट साक्षीदार बोलावत नाही. मग एखाद्या प्रश्नाला खरोखर नवी माहिती लागली तर काय होतं? २०११चा स्टेट वि. हेंडरसन या बाबतीत आवर्जून वाचावा. डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदाराने आरोपी ओळखला, तर त्या ओळखीवर किती विसंबायचं, असा प्रश्न होता. सुप्रीम कोर्टाने स्वतः अंदाज बांधला नाही. निवृत्त न्यायाधीश जेफ्री गॉल्किन यांना स्पेशल मास्टर, म्हणजे पुरावा ऐकून अहवाल देणारा खास अधिकारी, नेमून प्रकरण त्यांच्याकडे पाठवलं. तिथे तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, दोनशेहून जास्त शास्त्रीय अभ्यास दाखल झाले, नोंदीची दोन हजारांवर पानं झाली. ते सगळं परत आल्यावर कोर्टाने ओळखपरेडीच्या पुराव्याची जुनी चौकट बदलली आणि ज्युरीला द्यायच्या नव्या सूचना तयार करायला सांगितलं. निकालपत्र लांब आहे, पण माणसाची स्मृती कशी फसते यावरचा त्यातला भाग कोणीही वाचावा इतका स्वच्छ लिहिलेला आहे.

कोणती राज्यघटना?

वर म्हटलेलं उदाहरण आता. रस्त्याच्या कडेला उचलायला ठेवलेली कचऱ्याची पिशवी पोलिसांनी वॉरंटशिवाय उघडली तर चालेल का? वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने १९८८मध्ये कॅलिफोर्नियाच्या ग्रीनवुड खटल्यात सांगितलं, चालेल, टाकून दिलेल्या कचऱ्यात कसलं खाजगीपण. दोनच वर्षांनी न्यू जर्सीत स्टेट वि. हेम्पेले आला. ट्रेंटनने अमेरिकेच्या घटनेचा अर्थ वॉशिंग्टनने लावला तोच मान्य केला, आणि मग न्यू जर्सीच्या घटनेच्या पहिल्या कलमाच्या सातव्या परिच्छेदाकडे वळलं. शब्द जवळपास सारखेच, पण अर्थ वेगळा लावला. औषधांच्या बाटल्या, पत्रं, बिलं, माणसाचं आख्खं खाजगी आयुष्य त्या पिशवीत असतं, ती बंद करून ठेवणाऱ्याला ते उघडं पडू नये अशी अपेक्षा ठेवण्याचा हक्क आहे. पिशवी उचलायला वॉरंट नको, उघडून तपासायला हवं. आज एडिसनमध्ये किंवा पार्सिपनीत तुम्ही रात्री कडेला ठेवलेल्या पिशवीला हे संरक्षण आहे, आणि ते फक्त राज्याच्या घटनेमुळे.

म्हणून हक्कांचा निकाल वाचताना कोर्ट कोणत्या घटनेवर उभं आहे ते बघा. राज्याच्या घटनेचा आधार स्वतंत्र आणि पुरेसा आहे असं निकालात स्पष्ट असेल, तर १९८३च्या मिशिगन वि. लाँग प्रमाणे वॉशिंग्टनचं कोर्ट त्यात पडत नाही. तो निकाल तिथेच पक्का झाला. १९८७च्या नोव्हेम्ब्रिनोतही असंच झालं. वॉरंट सदोष असलं तरी पोलिस सद्भावनेने वागले असतील तर पुरावा चालेल, ही केंद्राची सूट न्यू जर्सीने आपल्याकडे नाकारली.

शेवटची ओळ, आणि तिच्या नंतरची

'अफर्म' म्हणजे खालचा निर्णय कायम, का ते वर सांगितलंच. 'रिव्हर्स' म्हणजे उलटवला. 'व्हेकेट' म्हणजे रद्द, पण उलट निकाल दिला असं नाही. 'रिमांड' म्हणजे खाली परत. "रिव्हर्स अँड रिमांड" वाचून पेढे वाटू नका. खाली जाऊन नव्या सुनावणीनंतर तोच निकाल पुन्हा लागू शकतो. खाली काय करायला सांगितलं आहे, त्या सूचना शेवटच्या दोन पानांत असतात, त्या शब्दन् शब्द वाचा.

मग वेगळ्या मतांची पानं. सहमत पण वेगळ्या कारणाने, आणि असहमत. असहमत मत हा कायदा नसतो, तरी मी ते बहुमताच्या आधी वाचते. बहुमताने ज्या गोष्टीवरून हळूच पुढे पाऊल टाकलं, ती तिथे मोठ्याने सांगितलेली असते.

आणि बातमीत "सुप्रीम कोर्टाने अपील नाकारलं" असेल तर बहुधा 'सर्टिफिकेशन' नाकारलेलं असतं. म्हणजे कोर्टाने प्रकरण ऐकायलाच घेतलं नाही. आपल्याकडे कलम १३६खालचा विशेष अनुमती अर्ज फेटाळला जातो, तसंच. खालचा निकाल बरोबर आहे असं त्याने म्हटलेलं नसतं. अपिलेट डिव्हिजनमध्ये एका न्यायाधीशाने असहमती नोंदवली असेल तर मात्र त्या मुद्द्यापुरतं वर जाण्याचा हक्क १९४७च्या घटनेनेच दिला आहे.

स्वतःचंच प्रकरण असेल तर

तारखा सगळ्यात आधी. अंतिम निकालापासून अपिलेट डिव्हिजनमध्ये अपिलाची नोटीस द्यायला ४५ दिवस. सबळ कारण असेल तर जास्तीत जास्त आणखी ३०, पण त्यावर विसंबू नका. खटला अजून चालू असताना झालेल्या मधल्या आदेशाविरुद्ध आधी परवानगी मागावी लागते, आणि त्याला २० दिवस. अपिलेट डिव्हिजनच्या निकालानंतर सुप्रीम कोर्टात जायचं तर २० दिवसांत नोटीस, ३० दिवसांत अर्ज. भारतात "उशीर माफीचा अर्ज करू" म्हणण्याची आपल्याला सवय असते, ती इथे सोडा.

साक्षीच्या नोंदी अपील करणाऱ्याने स्वतः पैसे भरून मागवायच्या असतात आणि तो खर्च लोकांच्या हिशेबात कधीच नसतो. लांब चाललेला खटला असेल तर अपिलाच्या फीपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा होतो. वकिलाकडे जाताना अंतिम आदेश, त्यावरची तारीख आणि कोणत्या दिवशी सुनावणी झाली त्याची यादी घेऊन जा. पहिल्या भेटीत एवढंच विचारा: माझा प्रत्येक मुद्दा कोणत्या नजरेखाली तपासला जाईल, आणि त्यावर खाली हरकत कोणत्या पानावर आहे? या दोन प्रश्नांना जो वकील मुद्देनिहाय उत्तर देतो, त्याच्याशी पुढचं बोला. जो म्हणतो "आपण सगळंच वर मांडू", त्याला नोंद दाखवायला सांगा.